छातीपटाची वाकडी ओळ

मी एक जुना छातीपट आहे, सणाच्या साजात छातीवर बांधायचा, मण्यांनी भरलेला. जुना म्हणजे किती, तर एका वर्षाचा! हसू नका, मित्रांनो. आमच्या न्यू ऑर्लिन्सच्या, पिसं-मणी लेवून नाचत मिरवणाऱ्या कृष्णवर्णी लोकांच्या टोळ्यांमध्ये मार्दी ग्राच्या सणाला दरवर्षी नवा साज लागतो, आणि तो ज्याचा त्यानेच शिवायचा असतो. सण सरला की साज उसवायचा आणि मणी डब्यात भरायचे. तेव्हा मी म्हाताराच.

माझा जन्म ऑलिडोरकाकांच्या जेवणाच्या टेबलावर झाला. काका टोळीचे म्होरके. अडतीस वर्षं त्यांनी आपला साज आपल्या हाताने शिवला. पण गेल्या साली त्यांच्या हातांना कंपवात जडला. सुईत दोरा जाईना. मणी घरंगळून सोमवारच्या राजमा-भातात पडू लागले.

"यंदा मी निघत नाही," ते पुतणीला म्हणाले. "साज कुणाचा देखणा हे ठरवायला समोर दुसरा म्होरक्या उभा ठाकला आणि माझे हात असे लटलटत असले, तर लोक म्हणतील, ऑलिडोर घाबरला."

पुतणीचं नाव केंड्रिया. ती कपड्यांच्या नव्या नव्या तऱ्हा काढते, त्यांत दिवे काय, तारा काय, वाट्टेल ते घालते. ती म्हणाली, "काका, ती थरथर मला द्या. बघा मी तिचं काय करते."

"साजात बॅटरी? माझा बाप थडग्यातून उठून येईल!"

"येऊ देत की. त्यांनाही होडीत जागा आहे."

कारण तिने माझ्यावर एक होडी काढली होती. नदीतली नव्हे, ताऱ्यांमधली. सुकाणूवर काकांची पणजी, लोकांचे कपडे धुणारी सेलेस्टीन, डोक्यावर पिसांचा मुकुट. "आपल्या माणसांना सगळे कालच्याच गोष्टीत बसवतात," केंड्रिया म्हणाली. "मी उद्याच्या गोष्टीत बसवणार."

काकांनी होडीवर वाकून पाहिलं. मग म्हणाले, "पणजीच्या होडीत चढायचं म्हणजे आधी सगळ्यांना कान धुवावे लागतील."

ताऱ्यांच्या जागी तिने तिळाएवढे दिवे बसवले आणि वीज वाहणारा धागा काकांच्या मनगटपट्ट्यांपर्यंत नेला. हात हलला की तारे लुकलुकणार. मणी मात्र काकांनीच ओवायचे. दिवसाला एक ओळ, तीही वाकडी. सुई बोटात घुसायची. त्यांच्या रक्ताचे ठिपके माझ्या पाठीवर अजून आहेत.

आणि मग केंड्रियाच्या हातून चूक झाली. एका दुपारी काकांचा डोळा लागला असताना तिने होडीच्या काठाची वाकडी ओळ उसवून सरळ ओवली. मायेपोटीच हो! खोटं कशाला बोलू, मलाही बरं वाटलं. नटायला कुणाला आवडत नाही? काका उठले, माझ्यावरून त्यांनी बोट फिरवलं आणि ते थांबले.

"ही ओळ माझी नाही."

"काका, जरा नीट केली, एवढंच..."

"मग हा साज तूच घाल, पोरी. दुसऱ्याने ओवलेलं लेवून ऑलिडोर बाहेर पडत नाही."

त्यांनी मला पालथं घातलं. चार दिवस कुणी हात लावला नाही. माझा जीव नुसता टांगणीला लागला. पाचव्या दिवशी केंड्रिया आली. आपली सरळ ओळ तिने मणी मणी करून उसवली, सुईत दोरा ओवला आणि सुई काकांपुढे धरली. "चुकलं माझं. तुमचीच घाला."

काकांनी सुई घेतली. ती ओळ तर पहिलीपेक्षा वाकडी झाली.

सणाच्या सकाळी काकांनी पायरीवर पाणी शिंपडून गेलेल्यांची नावं घेतली. खंजिऱ्या घुमू लागल्या. चौकात दुसऱ्या टोळीचा म्होरक्या लुशियस सामोरा आला. तरणाबांड गडी, हिरव्या पिसांचा नुसता डोंगर! काकांचे हात थरथरू लागले आणि माझ्यावरचे सगळे तारे एकदम जागे झाले. हात जितके कापत, तितकं आभाळ चमके. लुशियसने होडी पाहिली, थरथरते हात पाहिले, आणि तोही सुई धरणारा, म्हणून वाकडी ओळही पाहिली.

"ही कुणी ओवली, काका?" त्याने हळूच विचारलं.

"मी."

लुशियसने मान झुकवली. "आज तुम्हीच देखणे."

माझ्यामागे काकांचं काळीज कसं उडत होतं, ते मला एकट्याला ठाऊक.

सण सरला. आज केंड्रिया छोटी कात्री घेऊन माझ्यापुढे बसली आहे आणि तिला धीर होत नाही. "एवढा एक काचेत ठेवू या ना, काका."

"काचेत मासे ठेवतात. उसव. दुसऱ्यांचंच किती दिवस सजवशील? तुझा पहिला साज याच मण्यांनी सुरू कर."

मित्रांनो, मला उसवल्याचं दुःख नाही. फक्त कचाकचा कापू नका, ओढून फाडू नका. दोरा सैल करून एकेक मणी काढा. एकेका मण्यापायी बोट टोचून घेतलेलं असतं.

वाकडी ओळ काकांनी स्वतःच उसवायला घेतली. सबंध दुपार लागली. शेवटी ते मणी त्यांनी केंड्रियाच्या तळहातावर ओतले.

"सांभाळून," ते म्हणाले. "आता तुझे हात कापतायत."