सातव्या ओळीपुढचा ठिपका

दादाने आणि मी ठरवलं होतं की बाबांना ताईकडून हलवून त्याच्या घरी न्यायचं. ताईला ते रविवारी, समोर बसून, नीट समजावून सांगायचं होतं. तिला ते बुधवारी सकाळी कळलं, डोळ्यांच्या दवाखान्यात, चाळीसेक माणसांच्या देखत, भिंतीवरच्या पडद्यावर. तो पडदा मी लावला होता.

दुकानांत, बँकांत, दवाखान्यांत भिंतीवर असे पडदे असतात आणि त्यांच्या मागे तळहाताएवढा एक डबा असतो. त्याला मीडिया प्लेअर म्हणतात. आत असतो तो साधा कॉम्प्युटरच. फरक इतकाच की घरचा कॉम्प्युटर माणसाशी बोलण्यासाठी केलेला असतो. तो प्रश्न विचारतो, आठवणी करून देतो, अपडेट आलं म्हणून मध्येच तोंड घालतो, कुणी हात लावला नाही तर झोपी जातो. भिंतीवरच्या डब्याने यातलं काहीएक करायचं नसतं. म्हणून मी शिडीवर बसून, मांडीवर कीबोर्ड घेऊन, त्याच्या या सवयी एकेक करून मोडते. झोप बंद. अपडेट फक्त सुट्टीच्या दिवशी. वीज जाऊन आली तर आपणहून सुरू होणे. माऊसचा बाण दिसू न देणे. माझ्या वहीत अशा पंधरा ओळी आहेत. काम झालं की ओळीपुढे बरोबरची खूण, नंतर करायचं असेल तर ठिपका. सातवी ओळ नोटिफिकेशनची आहे : सर्व सूचना बंद.

ताई याच्यावरून मला चिडवायची. "एवढं फिजिक्स शिकलीस, आणि टीव्हीची तोंडं बंद करत फिरतेस." पण दवाखान्याचं काम मला तिनेच मिळवून दिलं. ती तिथे सोळा वर्षं रिसेप्शनला आहे. मोठ्या डॉक्टरांना तिने सांगितलं होतं, "माझी धाकटी बहीण करते हे. ती करते ते चोखच असतं."

आई गेल्यापासून बाबा ताईकडे होते. नऊ वर्षं. ताईने लग्न केलं नव्हतं, तेव्हा ते तिच्याकडे राहणार हे कुणी ठरवलं असं नाही, ते झालंच. दादा दुसऱ्या गावी, मी याच गावात पण दोन खोल्यांत. मी दर शनिवारी दुपारी जायची. गेल्या वर्षापासून बाबांचं विसरणं वाढलं होतं, आणि मला वाटायला लागलं की ताईचंही लक्ष उडतंय. एकदा दुधाचं पातेलं करपून कोळसा झालेलं दिसलं. बाबांच्या गोळ्यांच्या डबीत सकाळच्या कप्प्यात गोळी तशीच राहिलेली दिसली. मी पुढच्या शनिवारी पुन्हा पाहिलं. मग दर शनिवारी पाहायला लागले. आठ शनिवारांपैकी पाच शनिवारी सकाळची गोळी दुपारी डबीतच होती. मी तारखा लिहून ठेवल्या आणि तो तक्ता दादाला पाठवला. खाली लिहिलं, "ताईच्याने आता होत नाही."

दादाला तेवढं पुरलं. त्याच्या घरी खालच्या मजल्यावर खोली होती, वहिनी दिवसभर घरात असायची. वाईट कुणाचंच चिंतत नव्हतो आम्ही. फक्त आम्ही दोघं बोलत होतो आणि तिसरी त्यात नव्हती.

मंगळवारी मी दवाखान्यात डबा बसवायला गेले. चौदा ओळी झाल्या. सातवी मुद्दाम मागे ठेवली होती, कारण ऑपरेशननंतर डोळ्यांची काळजी कशी घ्यायची याची एक फिल्म डॉक्टरांनी माझ्या फोनवर पाठवली होती आणि ती डब्यात उतरून पूर्ण झाल्याची सूचना मला पाहायची होती. पेन ड्राइव्ह ऑफिसात राहिला होता. मी माझं मेसेजचं ॲप त्या डब्याला जोडलं. असं कधी करू नये, हे मी नव्या लोकांना शिकवते. म्हटलं, पाच मिनिटांचा प्रश्न आहे. फिल्म आली, मी ती लावली, पडद्यावर एक भलामोठा डोळा उघडला.

"अगं उतर आता," ताई खालून म्हणाली. "चहा गार झाला तर दुसरा नाही मिळणार. इथे दुसरा चहा फक्त डॉक्टरांना."

आम्ही तिच्या काउंटरच्या मागे बसलो. ती खुशीत होती.

"दादा येतोय म्हणे रविवारी. सूर्य कुठून उगवला?"

"असंच," मी म्हटलं.

"येऊ दे बाई. बाबांची नखं तरी काढील. माझ्या हातून काढून घेत नाहीत, म्हणतात तू कापशील. नऊ वर्षांत एकदा लागलं, ते बरोबर लक्षात आहे. बाकी सगळं विसरतील!" ती हसली. मग कप ठेवून म्हणाली, "मी विचार करतेय, शनिवारी सोफ्याच्या खोळी धुऊन टाकाव्यात. वहिनी येणारेय का गं बरोबर?"

मला तिच्यासमोर बसवेना. दुसरीकडे जायचंय म्हणून मी उठले, बॅगेत हाताला येईल ते कोंबलं आणि बाहेर पडले. शिडी मावशींनी, म्हणजे तिथल्या आयाबाईंनी, आत नेली. बसमध्ये मी वही उघडली. सातव्या ओळीपुढे ठिपका होता. मी त्या ठिपक्यावरून बरोबरची खूण केली. परत जावं लागलं असतं, ताईने पुन्हा काहीतरी विचारलं असतं. मला स्वतःला मी असंही सांगितलं की बहुतेक मी ते शेवटी बंद केलंच असेल.

बुधवारी मी एका चपलांच्या दुकानात शिडीवर होते. साडेदहाला ताईचा फोन आला. आवाज अगदी साधा, ती पेशंटशी बोलते तसा.

"तुझ्या टीव्हीवर आपल्या घरचं काहीतरी येतंय. जरा बघतेस?"

मी फोन पाहिला. दादाचे तीन मेसेज होते. माझं ॲप कालपासून डब्याला जोडलेलंच राहिलं होतं; ती जोडणी फोनवरूनच तोडता येते. मी ती तोडली. तेवढ्याने पुढचं थांबलं. तरी मी काम अर्धं टाकून दवाखान्यात गेले.

मावशींनी मला दारातच गाठलं आणि न विचारता सगळं सांगितलं. बाहेर बसलेल्यांपैकी निम्म्यांच्या डोळ्यांत औषधाचे थेंब घातलेले होते, त्यांना काही वाचता येत नव्हतं. मोठ्या डोळ्याच्या फिल्मवर कोपऱ्यात चौकट उमटली, तशी एक आजी नवऱ्याला म्हणाल्या, "अहो, काय लिहिलंय? आपला नंबर आला का?" त्या गृहस्थांनी चष्मा वर केला आणि खणखणीत आवाजात वाचलं, "बाबांची खोली तयार आहे. रविवारीच घेऊन येतो."

"कुठली खोली? आपल्याला भरती करतायत की काय?"

"थांब गं. पुढे आलंय. ताईला तोवर काही बोलू नकोस, ती रडून गोंधळ घालेल."

तिसरा मेसेज त्यांनी अर्धाच वाचला, कारण तोवर त्यांच्या लक्षात आलं की काउंटरवरची बाई उभी राहून पडद्याकडे बघतेय. तो असा होता : "तिच्याच्याने होत नाही हे तूच म्हणालीस ना, मग आता कच खाऊ नकोस." वर माझ्या भावाचं नाव होतं, फोटोसकट. तो फोटो ताईनेच काढलेला होता.

"ताई काय म्हणाल्या?" मी मावशींना विचारलं.

"काय म्हणणार? म्हणाल्या, हे दवाखान्याचं नाही, चुकून आलंय, तुम्ही बसा. आणि नंबर पुकारायला लागल्या."

ती अजून नंबर पुकारत होती. मी काउंटरपाशी जाऊन उभी राहिले.

"बंद केलंय मी आता," मी म्हटलं. "नोटिफिकेशनचं राहून गेलं होतं काल. माझी चूक. सॉरी, ताई."

"सत्तावीस!" ती म्हणाली. एक बाई उठली, ताईने तिचा कागद तपासून तिला आत पाठवलं. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "म्हणजे ते बंद केलं असतंस तर मला कळलंच नसतं."

"रविवारी सांगणारच होतो."

"सांगणार होतात. विचारणार नव्हतात." तिने रजिस्टर पुढे ओढलं. "काय होत नाही माझ्याच्याने?"

मला वाटलं होतं त्याहून हे अवघड होतं. मी पातेल्याचं सांगितलं. मग गोळ्यांचं, हलक्या आवाजात, आठपैकी पाच शनिवार.

तिने पहिल्यांदाच माझ्याकडे पाहिलं. "तू मोजत होतीस?"

मी मान हलवली.

"रात्रीच्या कप्प्याचं झाकण जून महिन्यात मोडलं. गोळी सांडते म्हणून रात्रीची मी सकाळच्या कप्प्यात ठेवते. सकाळची सहा वाजता माझ्या हाताने देते, ती डबीत ठेवतच नाही. कधी आठवड्याच्या गोळ्यांची पाकिटं आधीच फोडून ठेवली नसली तर दुपारी कप्पा रिकामा दिसतो. एवढंच आहे ते. अठ्ठावीस! काका, हळू या, पायरी आहे." आणि मग, त्याच आवाजात, "पातेलं करपलं, ते खरं आहे. झोप लागली मला."

मी शिडी मागवली नाही, खुर्चीवर चढून सातव्या ओळीचं काम केलं. दोन मिनिटं लागली. लोक माझ्या पाठीकडे बघत होते की पडद्याकडे, मला कळलं नाही.

माझ्या नोंदींत एकही तारीख चुकलेली नव्हती. हे मी पुढचे तीन दिवस स्वतःशी घोकत राहिले आणि दर वेळी ते जास्त वाईट वाटलं. कॉलेजात पहिल्या वर्षी शिकवतात की आकडा लिहिण्याआधी उपकरण कसं चालतं ते समजून घ्या. डबी टेबलावर होती आणि ताई स्वयंपाकघरात. चार पावलांवर.

मी दादाला फोन केला, झाकणाचं सांगितलं. म्हटलं, आपण थांबू या.

"एका झाकणाने सगळं बदलत नाही," तो म्हणाला. "आणि तू एवढी शिकलेली, तुला एक बटण बंद करता येत नाही? मला तोंड दाखवायला जागा ठेवली नाहीस."

रविवारी आम्ही गेलो तेव्हा सोफ्याच्या खोळी खरोखरच धुतलेल्या होत्या. बाबा अंघोळ करून, केस विंचरून बसले होते. त्यांच्या पायाशी दोन बॅगा होत्या. ताईने एक कागद दादाच्या हातात दिला. पहाटे किती वाजता उठतात, झोपताना दार कुठल्या बाजूला हवं, अंघोळीचं पाणी किती गरम, कोणता शब्द उच्चारला की घाबरतात. माझी पंधरा ओळींची यादी तिच्यापुढे पोरकट होती.

दादाने समजुतीचं भाषण तयार करून आणलं होतं, ते त्याच्या तोंडातच राहिलं. "ताई, तू रागावून काही करू नकोस," एवढंच म्हणाला.

"रागावलेय तर खरी. पण त्यासाठी नाही करत."

मी म्हटलं, "माझं चुकलं, ताई. तक्ता चुकीचा होता. बाबांना इथेच राहू दे. मी रोज येईन संध्याकाळी, तू झोपत जा तेव्हा."

मला वाटलं होतं ती यावर काही विचार तरी करेल. तिने बाबांच्या शर्टाचं वरचं बटण लावलं, मग सोडलं, त्यांना ते आवळतं म्हणून.

"महिन्यापूर्वी असं म्हणाली असतीस तर उडी मारली असती मी," ती म्हणाली. "आता नाही जमायचं. आता दूध तापवताना मला तू दिसशील, वही घेऊन उभी. मी नऊ वर्षं काय चुकलं, काय बरोबर आलं, ते कुणाला दाखवायला केलं नाही गं. चुकायचं, परत करायचं. आता चुकायची भीती वाटेल, आणि ती भीती घेऊन त्यांचं करता येत नाही. वैतागेन त्यांच्यावर. ते नकोय मला."

दादा बॅगा घेऊन खाली गेला. ताईने बाबांना जिन्यावरून हात धरून उतरवलं, आपण कुठे निघालो ते सांगितलं, पुन्हा सांगितलं. गाडीत बसवून त्यांचा पट्टा लावला. मला म्हणाली, "तू जा त्यांच्याबरोबर आजच्या दिवस. नवी जागा आहे." त्यात माया होती ती बाबांसाठी. मला ती नुसतं काम सांगत होती.

"मी परत आल्यावर येऊ का तुझ्याकडे?"

"फोन कर आधी," ती म्हणाली. याआधी मी तिच्याकडे कधी फोन करून गेले नव्हते.

गाडी निघाली. मी मागे बाबांच्या शेजारी होते. चौक ओलांडला तेव्हा ते सरकायला लागले, थोडं थोडं, पार दाराला टेकेपर्यंत, आणि आमच्या दोघांच्या मधली जागा त्यांनी हाताने झटकून साफ केली. दादाने आरशात पाहून विचारलं, "बाबा, असे आकसून का बसलात? ऐसपैस बसा की."

"ती येऊ दे ना," बाबा म्हणाले.

दादाने माझ्याकडे पाहिलं. पुढचे दोन तास बाबा तसेच अंग चोरून बसले, आणि मीही ताईसाठी जागा सोडून माझ्या बाजूला दाराला टेकून राहिले.