तीनदा जळालेली मोटार

नारायणगावात रहमतुल्ला मिस्त्रीचं मोटार रिवायंडिंगचं दुकान आहे. विहिरींवरच्या जळालेल्या मोटारींची तार उपसायची आणि नवी भरायची, यात त्याची तीस वर्षं गेली. दुकानात टेकलेल्या प्रत्येकाला त्याचं एक मत ऐकावंच लागे. "सायन्स खुर्चीवाल्यांचं हाय, राव. आपल्यासारख्यानं हात चालवायचे. शिकलेल्याची मोटार जळली तरी तो माझ्याकडंच येतो."

त्याची मुलगी सानिया बारावी सायन्सला होती. तिच्यादेखतही तो हेच बोलायचा. तिला पुढं पुण्याला शिकायचं होतं, पण तो विषय निघाला की मिस्त्री तारेचं बंडल शोधायला आत जायचा.

जानेवारीत वारूळवाडीचा हौशीराम विहिरीवरची पाच एचपीची मोटार पिकअपमधून घेऊन आला. टोमॅटो फुलोऱ्यात, आणि दोन महिन्यांत मोटार जळण्याची ही तिसरी वेळ.

"मिस्त्री, तार हलकी भरता का काय?"

रहमतुल्लाच्या हातातली पक्कड थांबली. असं त्याला कुणी कधी बोललं नव्हतं. त्यानं मोटार उघडली. तीनपैकी दोन फेजची कॉइल कोळशासारखी काळी, तिसरीचं तांबं मात्र लख्ख.

"भाऊ, तुमच्याकडं एक फेज मधीच जातोय."

"मागच्या खेपेला तुमीच वायरींना दिवा लावून बघितला. तिन्ही फेज हायेत म्हनालात."

ते खरं होतं. डबा घेऊन आलेली सानिया दारातच उभी होती. ती म्हणाली, "अब्बा, तेव्हा मोटार बंद होती ना? लोडवर बघायला पाहिजे. आणि एकदाच नाही, तासभर."

हौशीराम हसला. "पुस्तकातली मोटार जळत न्हाई, पोरी. आमचं बापजाद्यांपासून शेत हाय, आमाला कळंना आणि तुला कळंल?"

दुसऱ्या कुणाच्या पोरीला तो असं बोलला असता तर रहमतुल्लानंही मान डोलावली असती. आज मात्र ते त्याला झोंबलं. "परवा मोटार भरून आनतो," तो म्हणाला. "ही बी येईल."

तिसऱ्या दिवशी सकाळी लाइट आली तशी मोटार चालू केली. सानियानं करंट मोजणारा क्लॅम्प मीटर एकेका वायरीला अडकवून अँपिअरचे आकडे वहीत लिहिले. आठ, आठ, आठ. पाच मिनिटांनी परत तेच. अर्ध्या तासानंही तेच. हौशीराम बांधावर बसून तंबाखू मळत होता. "झाली का परीक्षा?" त्यानं विचारलं. रहमतुल्लालाही वाटलं, उठावं आता. पण पोरगी उठेना.

चाळिसाव्या मिनिटाला एका वायरीवर मीटर शून्यावर आला. उरलेल्या दोन चौदावर गेल्या.

"अब्बा, बंद करा."

रहमतुल्लानं बटण दाबलं. स्टार्टर उघडून त्यानं नाक जवळ नेलं, मेन स्विच पाडला आणि एकेका स्क्रूवर बोट टेकवत गेला. मधल्यावर बोट भाजलं. स्क्रू ढिला, खालचा पॉइंट काळा पडलेला. गार असताना टेकायचा, तापला की सुटायचा. शिवाय अशा वेळी मोटार आपोआप बंद करणारा भाग हौशीरामनं मागेच काढून थेट वायर जोडली होती. लाइट आली की मोटार आपली आपण चालू व्हावी म्हणून.

"ते जरा चुकलंच माझं," हौशीराम पुटपुटला. मग सानियाकडं वळून म्हणाला, "ताई, शेजारी सावळेरामची बी दोनदा जळली. तेवढी बघता का?" तार हलकी नव्हती, हेही तो आपणहून बोलला.

नवे पॉइंट बसवून, काढलेला भाग परत जोडून बापलेक सावळेरामच्या विहिरीकडं निघाले. बांधावरून चालताना रहमतुल्लानं विचारलं, "एक वायर मेली तर बाकीच्या दोन चौदावर का गेल्या? दुप्पट म्हंजी सोळा व्हायला पायजे व्हतं."

सानियानं थोडा विचार केला. "मला नाही माहीत, अब्बा."

तो थांबला. शिकलेल्या माणसाच्या तोंडून हे त्यानं क्वचितच ऐकलं होतं.

"सोमवारी सरांना विचारते," ती म्हणाली.

"कितीला असतात तुझे सर?"

"अकराला."

"मग मी बी येतो," रहमतुल्ला म्हणाला. "मला आनखी दोन-तीन गोष्टी विचारायच्यात. आणि पुन्याच्या कॉलेजचंबी काय ते त्यांनाच विचारू."