ओ देईल असं नाव

“अन्नपूर्णा,” गॅलरीत उभं राहून मी हाक मारली.

आत बसलेल्या प्रेमलाताईंनी मान हलवली. नाही.

समोरच्या गॅलरीत वाल सोलत बसलेल्या बाई म्हणाल्या, “आज ताईंऐवजी तुम्ही? आणि ही अन्नपूर्णा येत का नाही म्हणते?”

“ताईंच्या घशाचं ऑपरेशन झालंय. महिनाभर बोलायचं नाही.”

“असं? आमच्या ह्यांनाही दाखवते त्या डॉक्टरांना.”

बिबवेवाडीतल्या आमच्या मासिकात कथांना नावं देण्याचं काम प्रेमलाताईंचं. लेखकाने दिलेलं नाव चांगलं असेल तर त्या हात लावत नाहीत. नसेल तर कथा वाचून बाजूला ठेवतात, गॅलरीत जातात आणि सुचलेलं नाव हाक मारल्यासारखं म्हणून बघतात. माझं शिक्षण रसायनशास्त्राचं. बाटलीत जे असेल तेच चिठ्ठीवर लिहायचं, एवढं मला ठाऊक. नवीन असताना मी तसं म्हटलंही होतं. त्या म्हणाल्या, “बाटली कुठे ओ देते? कथेनं द्यायला हवी.” पुढे मी वाचकांचे फोन घेऊ लागले. कथेतलं बाकी सगळं विसरलेली माणसं ताईंनी दिलेलं नाव मात्र बरोबर सांगायची.

त्या दिवशी दिवाळी अंकाची जाहिरात जायची होती. नाव राहिलं होतं फक्त उत्तरेश्वरच्या कथेचं. बीडकडचा मुलगा, आता हिंजवडीत नोकरीला. आई पुण्यात येऊन मुलांची मेस चालवायची, त्यावर तो शिकला. गेल्या वर्षी ती गेली. ही त्याची पहिली कथा, तिच्यावरची. नाव ठरत नाही म्हणून तो स्वतःच आला होता आणि खुर्चीच्या कडेवर बसला होता.

“अन्नपूर्णा मीच दिलंय,” तो म्हणाला. “पण आई हसली असती. म्हणली असती, देवी कशाला करतो रे, गुडघे दुखतात माझे.”

“मग बदलू या,” संपादक अनिरुद्ध म्हणाले आणि त्यांनी मोबाइल पुढे केला. “एआयनं मिनिटात वीस नावं दिलीत. ‘ममतेची शिदोरी’ घ्या. ‘चुलीवरचं आभाळ’ घ्या.”

“सर, आमच्याकडं गॅस होता.”

प्रेमलाताईंचे खांदे हसण्याने हलले.

“हसा. पण चारला जाहिरात जाते. तोवर काही सुचलं नाही तर शिदोरी.”

उत्तरेश्वरने मान खाली घातली. आईबद्दल छापून येणारं एवढंच होतं, आणि तेही असल्या नावाने येणार होतं.

ताईंनी कथा पुन्हा सुरुवातीपासून वाचायला घेतली. त्या घाई करत नाहीत. मधूनच एखाद्या वाक्यापाशी थांबून त्या ओठ हलवायच्या. आवाज काढायचा नाही हे आठवून पुन्हा मिटायच्या. अनिरुद्ध दोनदा घड्याळाकडे बघून आपल्या टेबलाशी गेले. शेवटी ताईंनी पेन्सिल उचलली, दोन शब्दांभोवती गोल केला आणि पान माझ्याकडे सरकवलं.

ते शब्द मी तपासताना वाचले होते आणि पुढे गेले होते. मुलं जेवायला बसली आहेत, आई त्यांच्याकडे पाठ करून तव्यापाशी उभी आहे, आणि तवा उतरेपर्यंत एवढंच विचारते आहे.

मी गॅलरीकडे निघाले. ताईंनी माझं मनगट धरलं. मला खोलीतच थांबवून त्यांनी खांद्याला धरून भिंतीकडे वळवलं, सगळ्यांकडे पाठ होईल अशी. मग तळहात खाली दाबून खूण केली: हळू.

मी भिंतीकडे बघत, हाक न मारता, नेहमीच्या आवाजात म्हटलं, “गरम देऊ?”

“अर्धीच,” मागून उत्तरेश्वर म्हणाला.

खाली रिक्षा वळल्याचा आवाज आला. थोड्या वेळाने अनिरुद्धांच्या कीबोर्डवर बोटं वाजली.

“प्रश्नचिन्हासकट ना, ताई?” त्यांनी विचारलं. ताईंनी मान डोलावली असावी, कारण ते पुढे टाइप करू लागले.

मी लगेच मागे वळले नाही. भिंतीवर कॅलेंडर होतं, ते वाचत राहिले.