एकशे एक्केचाळिसावी सूचना

“यादीत एकशे चाळीसच हव्यात,” साहेब कागद परत करत म्हणाले. “शेवटची काढा.”

पोचबाई उभ्याच राहिल्या. सव्वीस वर्षं आवक खिडकीवर बसून त्यांनी आलेल्या प्रत्येक कागदाची पोच दिली, म्हणून कार्यालयाने त्यांना ठेवलेलं हे नाव. लहानमोठ्या इंटरनेट कंपन्यांनी आपापली जाळी एकमेकांना कोणत्या अटींवर जोडायची, याचा सरकारी नियम होणार होता. त्यावर लोकांच्या सूचना मागवल्या होत्या, आणि आलेल्या सगळ्या जाहीर करायच्या होत्या.

शेवटची सूचना एका लहान गावात इंटरनेट पुरवणाऱ्या बाईची होती. हाताने लिहिलेली, दोन पानं. बड्या कंपनीने तिला थेट जोडणी नाकारली होती. कारण कळवलं नव्हतं, अटीही दाखवल्या नव्हत्या. त्यामुळे तिचं इंटरनेट वापरणाऱ्या गावातल्या दवाखान्यातून, बड्या कंपनीचं वापरणाऱ्या समोरच्याच रुग्णालयात पाठवलेला एक्स-रे तीन शहरं फिरून यायचा. कधी यायचाच नाही. खाली तिने लिहिलं होतं, ‘त्या कंपनीचे अधिकारी तुमच्याकडे दोनदा येऊन गेले असं ऐकते. तिथे काय बोलणं झालं, ते आम्हालाही कळू द्या.’

“मुदतीनंतर आली असेल,” साहेब म्हणाले.

“मुदतीतच आलीय, साहेब. पोच मीच दिलीय.”

“बाई, वरून निरोप आहे. दीड वर्ष राहिलंय तुमचं. कशाला नसतं लचांड?”

घरी नवरा कपड्यांना इस्त्री करत होता. सगळं ऐकून म्हणाला, “टाक काढून. तू एकटी काय उजेड पाडणार आहेस?” मग शर्टाची बाही उलटवत पुटपुटला, “पण तू काढणार नाहीस. मग मला विचारतेस कशाला?”

सकाळी पोचबाई साहेबांसमोर गेल्या. “काढते, साहेब. फक्त, तुमच्या तोंडी आदेशावरून काढली, अशी टीप फाइलला लावलीय. तेवढी सही करा.”

साहेबांनी टीप दोनदा वाचली. पेनाचं टोपण काढलं, परत लावलं.

“राहू दे,” ते म्हणाले. “एकशे एक्केचाळीस जाऊ द्या.”

महिन्याभरात पोचबाईंची बदली झाली, तळघरातल्या जुन्या दप्तरात. पुढे नियम आला, तो बराचसा बड्यांच्या सोयीचाच. थेट जोडणी देण्याची सक्ती नव्हती. एक कलम मात्र त्यात होतं: जोडणीच्या अटी आणि नकाराची कारणं सगळ्यांना वाचता येतील अशी जाहीर करायची.

एका दुपारी एक बाई जिना उतरून आली. “एकशे एक्केचाळिसावी माझी. खिडकीवर म्हणाले, पोच देणाऱ्या आता खाली बसतात.”

“मीच ती. बोला.”

“जोडणी अजून नाही मिळाली. पण नकाराचं कारण वाचलं. खोटं आहे ते. आता लेखी आहे, म्हणजे भांडता तरी येतं.” तिने पिशवीतून जाडजूड अर्ज काढला. “वर देण्याआधी तुम्ही एकदा नजर टाकाल का?”

खोलीत खुर्ची एकच होती. पोचबाईंनी ती तिच्याकडे सरकवली, आणि दिव्याखाली धरून उभ्यानेच पहिलं पान वाचायला घेतलं.