दर्या बंद

मला इतिहास येत होता, भूगोल येत होता, मराठीत तर वर्गात माझ्या पुढे कोणी नव्हतं. गणिताने तेवढा दावा साधला. सातवीचा निकाल लागला तेव्हा आमच्या नांदुऱ्याच्या शाळेत फक्त त्या एका विषयात आपटलेली मी एकटीच होते. भर उन्हात घरी चालत जाताना त्या विषयाला जेवढ्या शिव्या मी मनातल्या मनात दिल्या, तेवढ्या आजवर कोणा माणसालाही दिल्या नसतील. कोण्या व्यापाऱ्याने दोन प्रतींचे तांदूळ मिसळावेत, आणि त्यांचा भाव मात्र मी काढावा, हा कुठला न्याय?

हेडबाईंनी मला टाकलं नाही. जूनमध्ये शाळा उघडेल त्या दिवशी तुझा गणिताचा पेपर पुन्हा घेते, पास झालीस तर अमरावतीच्या नॉर्मल शाळेत तुझं नाव पाठवते, असं त्या म्हणाल्या. नॉर्मल शाळा म्हणजे मास्तरीण होण्याची शाळा. पुढे पगार, राहायला स्वतःची खोली, आणि चुलीपुढे न बसता वाचत काढलेली संध्याकाळ. मला दुसरं काही नको होतं.

माझे वडील उकंडराव. आई गेल्यापासून आमचं घर आत्या चालवायची आणि मला उजवायची घाई तिलाच फार. मलकापूरच्या एका सरकीवाल्याचा मुलगा इंद्रभान तिने हेरून ठेवला होता. इंद्रभान वाईट नव्हता. मला कोणीच नको होतं, त्यात तोही आला. बाबांनी दोघींचं ऐकून घेतलं आणि निकाल दिला की पास झाली तर अमरावती, नाही तर दिवाळीनंतर मलकापूर. बाबा दिल्या शब्दाला जागणारे होते, म्हणून मी त्याच दिवशी गणिताचं पुस्तक उघडलं.

माझी थोरली बहीण शालूबाई तेव्हा एका लग्नासाठी आली होती. तिचे यजमान, माझे भाऊजी, मूळचे शेगावकडचे, पण नोकरी जकातीच्या खात्यात, तिकडे कोकणात एका बंदरावर. शालूबाईची पहिली दोन बाळंतपणं नांदुऱ्यात झाली होती आणि दोन्ही लेकरं पाचवी पुजायच्या आत गेली. तिला माहेरचा उंबरा लाभत नाही, असं तिच्या सासूने ठरवून टाकलं. म्हणून हे तिसरं तिकडेच व्हायचं होतं, परक्या मुलखात. शालूबाईने बाबांना विचारलं, मनूला सुट्टीपुरती नेऊ का? समुद्राची हवा आहे, निवांत अभ्यास करील, शाळा उघडायच्या आत धाडून देतो.

पावसाच्या तोंडावर ही परत कशी येईल, असं आत्याने विचारलं. बाबा हसले. आमच्याकडे उन्हाळ्यात पूर्णा आटते, नाव काठावर पालथी पडते, आणि पाऊस पडून पाणी चढलं की चालू होते. नाव चालते ती पावसाळ्यातच. समुद्राला तर बारमाही पाणी, बाबा म्हणाले, आणि पाऊस लागला की आणखी सोय. आम्हा सगळ्यांना ते पटलं. शालूबाई खाली मान घालून शेंगा फोडत होती.

भाऊजी शेगावला गाडीत बसले, आम्ही नांदुऱ्याला चढलो. बाबांचं आणि त्यांचं बोलणं झालं ते गाडी थांबली तेवढ्यापुरतं, आणि जावई सासऱ्याशी बोलून बोलून काय बोलणार? मुंबईहून आगबोट. मी सगळा वेळ ओकत होते. समुद्र नीट पाहिला तो दुसऱ्या दिवशी सकाळी, आणि मला कौतुकाऐवजी रागच आला. आमच्याकडे त्या दिवसांत बाया विहिरीच्या तळाशी उतरून वाटीने पाणी भरतात आणि इथे हे एवढं पसरलेलं, त्यातला घोटभरही प्यायच्या कामाचा नाही.

शालूबाईचं तिथे कोणी नव्हतं. तिचं 'मले-तुले' ऐकून शेजारच्या बाया पदर तोंडाला लावून हसायच्या, तेव्हापासून तिने त्यांच्याशी बोलणंच सोडलं होतं. घरात आम्ही दोघीच बोलायचो. नांदुऱ्याहून आणलेलं ज्वारीचं पीठ ती डब्यात दाबून ठेवायची आणि आठवड्यातून एखादी भाकरी टाकायची. ती भाकरी खाताना तिचे डोळे भरून यायचे आणि मला खोटंच सांगायची की मिरची लागली.

माझा अभ्यास मात्र झाला. सकाळी मी सुरूच्या झाडांखाली वाळूत बसायची आणि शालूबाई पाय पसरून शेजारी. तिला वाचता येत नव्हतं, पण ऐकायला फार आवडायचं. माझ्याजवळ दुसरं पुस्तक नव्हतं, म्हणून मी तिला उदाहरणंच वाचून दाखवायची. बारा मजूर एक विहीर खणतात, मधेच चार निघून जातात. शालूबाई लगेच विचारायची, ते चार काऊन गेले? मजुरी भेटली नसन त्याईले. उरलेल्या आठांची तिला खरोखर काळजी वाटायची. मी त्यांचे दिवस काढून दाखवले की ती म्हणायची, बरं झालं माय, लागलं एकदाचं पाणी. तिला समजावता समजावता मला समजायला लागलं. मे महिना सरत आला तेव्हा पुस्तकातलं एकही उदाहरण मला अडत नव्हतं. मी पास होणार होते. हे मला इतकं स्वच्छ दिसत होतं की अमरावतीला कोणतं लुगडं न्यायचं हेही मी ठरवून ठेवलं होतं.

एक दिवस शालूबाईने मला टेकडीपलीकडच्या देवीला नेलं. पोट सावरत, दर वळणावर बसत ती चढली. कशाला एवढा खटाटोप, मी म्हटलं, तर म्हणे नवस आहे. देवळात असताना आगबोटीचा भोंगा ऐकू आला. नेहमीसारखाच होता, मी लक्ष दिलं नाही.

दुसऱ्या दिवशी वाळूत गेले तर सगळी माणसं होड्या वर ओढत होती. दोरखंड लावून, ओरडत, एकेक होडी पार माडांच्या रांगेपर्यंत. वर झावळ्या टाकून त्या बांधून ठेवत होते. बंदरावरचा खलाशांचा म्होरक्या, तांडेल मेहबूब, ओळखीचा झाला होता, त्याला मी विचारलं, हे काय चाललंय? तो म्हणाला, दर्या बंद झाला. आगबोट कालच शेवटची गेली, आता नारळी पुनवेपर्यंत दर्यात काही उतरायचं नाही. मला वाटलं तो थट्टा करतो. पाऊस आला की तर नावा चालू होतात, मी म्हटलं. त्यावर तिथली सगळी माणसं हसली आणि मला कळलं की थट्टा नव्हती.

मी घरापर्यंत पळत आले. शालूबाई ओसरीवर तांदूळ निवडत होती. आगबोट बंद होणार हे तुला माहीत होतं का, असं मी विचारलं. तिने सूप खाली ठेवलं.

"मले ठाऊक होतं," ती म्हणाली.

मी तिला काय काय बोलले ते सांगत नाही. सख्ख्या बहिणीला बोलू नये ते सगळं बोलले. ती भिंतीला टेकून ऐकत राहिली. दुपारी भाऊजी जेवायला आले आणि त्यांनाही धक्का बसला. बाळंतपण होईपर्यंत मनूला ठेवून घ्या असं बाबांनीच सांगितलंय, हे शालूबाईने त्यांच्या गळी उतरवलं होतं. ते जेवले नाहीत, तसेच बाहेर पडले. परत आले ते वाट काढूनच. कचेरीतला एक शिपाई बायकोसह रजेवर कराडकडे निघाला होता. उद्या सकाळी बैलगाडीने घाटाच्या पायथ्याशी, तिथून सर्व्हिस मोटार, वर गेलं की रेल्वे. पाऊस एकदा कोसळला की घाटही बंद, तेव्हा जायचं तर उद्याच. मी लगेच गाठोडं बांधलं.

दिवेलागणीला शालूबाई माझ्याजवळ आली. डब्यातलं होतं नव्हतं तेवढं ज्वारीचं पीठ काढून तिने माझ्या वाटेसाठी भाकरी केल्या होत्या. राहा असं ती म्हणाली नाही.

"जाय तू. म्या लबाडीनं आणलं तुले, देव काय ते पाहून घेईन. पण एक आयकून जाय. दोन्ही खेपेले माहं रक्त थांबत नव्हतं. यावेळी मी वाचत नाही, मनू."

असं अभद्र बोलू नको, मी म्हटलं.

"मी गेली तं लेकराले कोण पाहीन? सोबतीसाठी नाही आणलं तुले. लेकरू तुह्याच हातात देऊन जावं म्हणून आणलं. परकी सावत्र येण्यापरीस मावशी बरी."

मला समजायला थोडा वेळ लागला. आमच्याकडे ती रीतच आहे. थोरली गेली की धाकटी त्याच घरात देतात, लेकराला सावत्र आई नको म्हणून. आमच्याच गल्लीत अशा दोघी होत्या. त्यांना कोणी विचारलं नव्हतं, आणि विचारण्यासारखं काही असतं असंही कोणाला वाटलं नव्हतं.

मी गाठोड्यावर बसून राहिले. शालूबाई मेली तर मी परीक्षेत पहिली आले तरी माझी सुटका नव्हती. बाबा मला अमरावतीहून उठवून आणतील. ती जगली तर फार तर एक वर्ष बुडेल, आत्याला काय बोलायचं ते बोलू दे, मी बाबांचे पाय धरीन, हेडबाईंचे धरीन. जायचं म्हटलं तरी सगळं तिच्या जिवावर आणि राहायचं म्हटलं तरी तेच. माझं तिच्यावर प्रेम नव्हतं असं नाही, पण त्या संध्याकाळी मी थांबले ती निव्वळ भीतीने.

"मग मराचं नाही," मी तिला म्हटलं. "तू मेली तं मी तुले कधी माफ करणार नाही."

ती माझ्या मांडीवर डोकं ठेवून रडली. सकाळी बैलगाडी माझ्यावाचून गेली.

त्यानंतर मी तिला जगवायचंच काम केलं. घागर उचलू दिली नाही, वाकू दिलं नाही, दूध समोर बसून प्यायला लावलं. मेहबूब तांडेलाची आई अमीरबी खाडीपलीकडची नामांकित सुईण. रोज तिच्याकडे जाऊन मी तिला इतकं भंडावून सोडलं की शेवटी ती आपणहून फेऱ्या घालू लागली. तालुक्याच्या डॉक्टरला भाऊजी दोनदा भेटून आले, त्याने येतो म्हटलं होतं. शाळा उघडायचा दिवस आला आणि गेला. पागोळ्यांखाली भांडी लावता लावता मला आठवलं की आत्ता पेपर सुरू झाला असेल. मग भांडं भरलं, ते मी बदललं.

आषाढात एका सकाळी तिला कळा लागल्या. डॉक्टर यायच्या रस्त्यावरचा साकव रात्रीच वाहून गेला होता. अमीरबी तेवढ्या पावसात खाडी ओलांडून आली. दुपारी मुलगी झाली आणि झाल्या झाल्या असं खणखणीत रडली की आम्ही तिघी हसलो. आधीची दोन अशी रडली नव्हती, शालूबाई म्हणाली. मग म्हणाली थंडी वाजते. घरात होती नव्हती ती सगळी पांघरुणं मी तिच्यावर घातली. अमीरबीला जे जे येत होतं ते सगळं तिने केलं, तिच्या अल्लाला हाका मारल्या, आमच्या देवीलाही मारल्या. रक्त थांबलं नाही. दिवेलागणीच्या आत माझी बहीण गेली. मी तिला हलवत होते आणि माफ करणार नाही, माफ करणार नाही, एवढंच म्हणत होते. शेवटी अमीरबीने माझे हात सोडवले.

मोटार बंद, म्हणून बाबा घाट पायी उतरून पोचले ते तेरावा उलटून गेल्यावर. चिखलाने माखलेले, एकदम म्हातारे झालेले. त्यांनी नातीला मांडीवर घेतलं आणि कितीतरी वेळ तिच्याकडे पाहत बसले. परीक्षा बुडवल्याबद्दल एक शब्दही बोलले नाहीत. मग म्हणाले की निघायच्या आधी मलकापूरला जाऊन आलो, इंद्रभानच्या घरी नाही म्हणून सांगितलं.

बहीण जाऊन पंधरा दिवस झाले होते, आणि माझ्या मनात आनंद झाला. खरंच झाला. बाबांना माझी दया आली असं मला वाटलं.

"मंग बाबा, पुढच्या साली बसू मी परीक्षेले?" मी विचारलं.

बाबांनी माझ्याकडे पाहिलं नाही. त्यांचे डोळे वाहत होते आणि हात मुलीला थोपटत होता.

"लेकराले माय पाहिजे, मनू," ते म्हणाले.

दाराशी भाऊजी पाठमोरे उभे होते. त्यांना सकाळीच सांगितलं असावं. ते वळले नाहीत. बाबांनी मुलगी उचलून माझ्या हातात दिली. तिला भूक लागली होती, मी दूध आणायला उठले. त्या दिवसापर्यंत मी त्यांना भाऊजी म्हणत होते. पुढे उभ्या जन्मात मी त्यांना कशानेच हाक मारली नाही.