मेंढरांनी फेडलेलं भाडं

किकवीत हायवेला लागून चार खोल्या बांधल्या, तेव्हापासून कुंडलिकला शेतकरी म्हटलेलं फारसं रुचत नसे. तो आता घरमालक होता. तीन खोल्यांत कंपनीत जाणारी पोरं राहायची आणि चौथीत बयाबाई नि तिची लेक अश्विनी. त्यांचा धनगरवाडा वेल्ह्याच्या वर, डोंगरात. बयाबाईचा नवरा रायबा मेंढरं घेऊन आठ महिने फिरतीवर असायचा. पोरीला भोरच्या कॉलेजला जायला एसटी सापडावी म्हणून मायलेकी इथं खोली घेऊन राहिल्या होत्या.

उन्हाळ्यात रायबाच्या हाती पैसा नव्हता. त्याने सरळ सांगितलं, "दादा, पैसं न्हाईत. तुमच्या रानात मेंढरं बसवतो." रानात रात्रीची मेंढरं बसली की लेंड्यांचं खत होतं आणि शेतकरी त्याबद्दल मेंढपाळाला धान्य नाहीतर पैसे देतो, ही तिकडची जुनी रीत. वीस रात्री मेंढरं कुंडलिकच्या रानात बसली. शेवटच्या सकाळी कुंडलिकने स्वतः रायबाच्या हातात चहाचा कप दिला. "चार म्हयन्याचं भाडं फिटलं बरं का," तो म्हणाला. कागद कुणी मागितला नाही, कुणी दिला नाही. त्या वर्षी भाताला युरियाचं एक पोतंसुद्धा लागणार नव्हतं.

मग पुतण्या धनाजीचं डोकं चाललं. तो विमा विकायचा. भाडेकरूने भाडं बुडवलं तर कंपनी भरून देते, असा विमा त्याने काकाच्या गळ्यात मारला होता. वर्ष सरत आलं तरी कुणी भाडं बुडवेना, आणि भरलेला हप्ता वाया जाणार म्हणून कुंडलिकला घास गोड लागेना. भाडेकरू वेळेवर पैसे देतात याचं दुःख करणारा घरमालक किकवीने पहिल्यांदाच पाहिला असेल.

"काका, बयाबाईचं चार म्हयनं बँकेत काय जमा झालं?" धनाजीने विचारलं.

"काय न्हाई. पर मेंढरं..."

"मेंढरं बँकेत बसत्यात व्हय?"

कुंडलिक हसला. पैसे मिळाले नाहीत हे खोटं कुठे होतं, अशी त्याने मनाची समजूत घातली आणि भाडं बुडाल्याच्या अर्जावर सही ठोकली. तिला खोली सोडायची नोटीसही द्यावी लागेल, कारण विम्याची तशी अट होती, हे धनाजीने सही झाल्यावर सांगितलं. तोवर कुंडलिकने मिळणाऱ्या पैशात खोल्यांवर पत्रा कोणता घालायचा हेही ठरवून टाकलं होतं.

आषाढात कंपनीचा माणूस चौकशीला आला. अश्विनी कॉलेजला गेली होती. खोलीच्या दारात उभं राहून त्याने बयाबाईला विचारलं, "चार महिने भाडं दिलं नाही, हे खरं का?"

कुंडलिकच्या तोंडचं पाणी पळालं. ती एक शब्द बोलली असती तर तिथल्या तिथे त्याची अब्रू गेली असती. बयाबाईने एकदाच त्याच्याकडे पाहिलं. मग पदर सावरत म्हणाली, "व्हय. न्हाई दिलं."

कुंडलिक जमिनीकडे बघत राहिला. तेव्हाच तोंड उघडायला हवं होतं, पण त्याने उघडलं नाही. माणूस गेल्यावर ती हळूच म्हणाली, "दादा, तुमच्याच दारात तुमाला खोटं कसं पाडू? आमी चालती मानसं. तुमाला हितंच ऱ्हायचंय."

नोटिशीप्रमाणे रविवारी तिने टेम्पो बोलावला. निघताना खोली झाडून किल्ली त्याच्या हातात दिली. पंधरा दिवसांत कंपनीचे पैसे आले. पत्रा मात्र त्याने आणला नाही. रिकाम्या खोलीसमोरून जायला नको म्हणून तो घराच्या मागल्या वाटेने रानात जाऊ लागला. बायकोने दोनदा कारण विचारलं आणि दोन्ही वेळा तो तिच्यावरच डाफरला.

अशातच एका दुपारी भोरहून ओळखीच्या फुलाबाईंचा फोन आला. म्हातारी एकटी, दोन खोल्या भाड्याने द्यायची.

"कुंडलिकराव, काल तुमचा धनाजी आला हुता, इमा घ्या म्हनून. बयाबाईनं तुमचं भाडं बुडवलं नि कंपनीनं भरलं, असं सांगत हुता. आन आज तीच बाई माझ्याकडं खोली मागाय आलीया. तीन ठिकानी न्हाई म्हनलेत तिला. लेकीची बारावी हाय म्हनती."

कुंडलिकने फोन घट्ट धरला.

"म्या तिला तोंडावर इचारलं, भाडं बुडवलंस का? मान खाली घालून व्हय म्हनली. असं सरळ कबूल करनारं मानूस म्या बघितलं न्हाई, म्हनून म्हनलं तुमालाच इचारावं. ठेवू का नको?"

कुणी नव्हतं समोर, तरी कुंडलिकला कुठे तोंड लपवावं कळेना. ती अजून त्याच्यासाठी खोटं बोलत होती. बेघर होऊनही.

"फुलाबाई," तो म्हणाला, "तिनं न्हाई बुडवलं. भाडं फिटलं हुतं. म्या खोटं लिवून दिलं."

पलीकडून म्हातारी कडक आवाजात म्हणाली, "थांबा. फोनचा आवाज मोठा करते. मायलेकी हितंच हायेत. आता परत बोला."

त्याने पुन्हा सांगितलं. मेंढरांच्या वीस रात्री सांगितल्या, हप्ता सांगितला, सही सांगितली. "कंपनीचं पैसं परत करतो," असंही म्हणाला. बयाबाई मागून "ऱ्हाऊ द्या दादा" म्हणत होती, तेवढ्यात अश्विनीचा आवाज आला. तिला मेंढरं बसल्याचं ठाऊक होतं, पण त्यात भाडं वळतं झाल्याचं ठाऊक नव्हतं. महिनाभर ती आईशी धड बोललीही नव्हती.

"मग काका, आई खोटं का बोलली?"

"माझी लाज राखाया, पोरी," तो म्हणाला. "मला राखता आली न्हाई म्हनून."