धाकटीने पुसलेली फरशी

धाकटीने कपाटातून व्हिनेगरची बाटली काढली, तेव्हा थोरली स्वयंपाकघराच्या दारातच उभी होती.

"ताई, हॉलची फरशी आज मी पुसते. तू बस बघू निवांत." धाकटीने बादलीतल्या पाण्यात व्हिनेगर भसाभस ओतलं. "माझ्याकडे मी हेच वापरते. टाइल्स कशा लख्ख निघतात!"

टाइल्स म्हणे! 'अगं, संगमरवर आहे तो, आंबट लागलं की त्याची चमक जाते,' हे वाक्य थोरलीच्या अगदी ओठांवर आलं होतं. तिने ते गिळलं आणि ती आतल्या खोलीत जाऊन चादरींच्या घड्या घालत बसली.

हा पांढरा संगमरवर वडिलांनी हौसेने बसवला होता. पुढे वडील गेले, आईचे गुडघे गेले, थोरलीचं लग्न राहून गेलं. फरशी तेवढी जशीच्या तशी राहिली. ती काय आपोआप राहिली? आधी मऊ कुंच्याने धूळ काढायची, कारण वाळूचा एक कण फरफटला तरी चरा उठतो. मग कोमट पाण्यात साबणाचे थेंब, मग साधं पाणी, आणि शेवटी जुन्या सुती कपड्याने कोरडं करायचं, नाहीतर पाण्याचे डाग राहतात. हे सगळं रोज. एवढं करून आई खुर्चीतून मान वाकडी करून एवढंच म्हणायची, "त्या कोपऱ्यात राहिलंय."

धाकटी अधूनमधून चार दिवस यायची. याच फरशीवरून सूटकेस खडखडत न्यायची. आणि आई शेजारणीला फोनवर सांगायची, "धाकटी आली की घर कसं उजळून निघतं!"

घासून घासून हात कुणाचे झिजले आणि नाव कुणाचं झालं! थोरलीचा नुसता जळफळाट व्हायचा. डोक्याचे केस पिकले, तरी सख्ख्या बहिणीवर जळतेस, लाज नाही वाटत, असं ती स्वतःलाच विचारायची. लाज वाटायची. पण म्हणून जळणं थांबायचं नाही.

आज मात्र तिने ठरवलं, होऊ दे काय व्हायचं ते. एकदा तरी आईच्या तोंडाचा पट्टा धाकटीवर सुटू दे.

हॉलमधून आईचा लाडिक आवाज येत होता, "किती गं राबतेस? दोन दिवस आराम करायला आलीस ना?" धाकटी गाणं गुणगुणत होती. थोरली एकाच चादरीची घडी पुन्हा पुन्हा मोडत होती.

फरशी वाळली आणि गुणगुणणं थांबलं. मग खसाखसा घासण्याचा आवाज आला.

"ताई, अगं हे काय झालं? जातच नाहीये!"

थोरली बाहेर आली. खिडकीच्या उजेडात जिकडेतिकडे निस्तेज पांढुरके पट्टे उमटले होते. आई काठी टेकत उठली, वाकून तिने नीट पाहिलं. थोरलीने श्वास रोखून धरला. एकदा कुणीतरी ठेवलेल्या सरबताच्या ग्लासाचा वळ राहिला, तर आईने थोरलीशी कित्येक दिवस अबोला धरला होता. आज तर अर्धा हॉल गेला होता.

"अगं बाई!" आई म्हणाली. "जाऊ दे गं. दगडच तो! रडतेस काय वेड्यासारखी? हात बघू. लाल झालेत नुसते. जा, तोंड धुऊन ये."

धाकटी नाक ओढत आत गेली. आई पुन्हा खुर्चीत बसली.

"तू होतीस ना स्वयंपाकघरात? बोलली का नाहीस?"

थोरलीने खोटं बोलायचं मनात आणलं, पण तिला ते जमलं नाही. "म्हटलं, एकदा तरी तिच्यावर ओरडशील."

"तिच्यावर कशी ओरडू? रुसली, परत आलीच नाही तर?"

"आणि मी?"

आईला प्रश्नच कळला नाही. "तू कुठे जाणार आहेस?" ती सहज म्हणाली.

थोरलीने माळ्यावरून संगमरवराच्या पॉलिशची पावडर काढली, लोकरीचा तुकडा ओला केला आणि भिंतीलगत गुडघे टेकून ती एकेक पट्टा घासू लागली. हळूहळू चमक परत येत होती. खांदा मात्र भरून आला होता.

धाकटी तोंड पुसत आली. "मी करू का, ताई?"

"नको. तू बस."

धाकटी आईजवळ स्टूल ओढून बसली. तिने काहीतरी गंमत सांगितली, आई खुदकन हसली आणि दोघींच्या गप्पा रंगल्या. घासत घासत थोरली खुर्चीपाशी आली. आईने बोलणं न थांबवता दोन्ही पाय वर उचलले. थोरलीचा हात खालून फिरून गेला, आणि आईने पाय पुन्हा खाली ठेवले.